चांदी भरलेली दाढ

उत्तरायणाला गच्चीवर हातात फिरकी आणि तोंडात आईची तिळाची वडी, अशा अवस्थेत माझी दाढ तुटली. यंदा वडीचा पाक जरा पुढे गेला होता, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. (मंडळाचा अंक ती पहिल्या पानापासून वाचते, म्हणजे आता कळेलच.)

खालच्या उजव्या दाढेचा जिभेकडचा कोपरा हातात आला. नववीत असताना दांडिया बाजारातल्या एका दवाखान्यात त्या दाढेत चांदी भरली होती. ती चांदी जशीच्या तशी होती, तुटला होता तो दात.

बाबा लगेच म्हणाले, "काढून टाक. मागची दाढ कोणाला दिसते?" आमच्या घरात पूर्वीपासून हेच चालत आलंय. आईच्या खालच्या दाढा अशाच एकेक करून गेल्या. आता ती चकली चहात बुडवून खाते आणि भाकरी दुधात कुस्करून. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो होतो.

मी मात्र दुसऱ्या टोकाला गेलो. रात्री मोबाइलवर वाचत बसलो आणि ठरवून टाकलं, की तोंडातल्या चारही चांद्या काढायच्या आणि सगळीकडे सिरॅमिक बसवायचं. आपण जिला चांदी म्हणतो ते असतं अमाल्गम. त्यात साधारण निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील आणि तांबं. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंदच केलाय.

डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुटलेली दाढ करू. बाकीच्या तीन धड आहेत, त्यांना हात लावायचा नाही." जुनी चांदी कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि सोबत थोडा चांगला दातही जातो. अमेरिकेच्या एफडीएचा सल्लाही हाच आहे, की फिलिंग चांगलं असेल तर ते उगाच काढू नये. नीट चालणाऱ्या कोडला हात लावू नका, असं ऑफिसात ज्युनिअर मुलांना मीच सांगत असतो!

मग दात तुटला का? अमाल्गम दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरतात. त्यात किडीबरोबर चांगला दातही जातो आणि भिंती पातळ होतात. वीस वर्षं चावून चावून माझी एक भिंत गेली. तरी अमाल्गमला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. स्वस्त, टिकाऊ आणि ओल्या तोंडातही बसणारं, म्हणून दीडशेहून जास्त वर्षं ते चाललं.

एक्स-रेत नस शाबूत दिसली, त्यामुळे रूट कॅनाल टळलं. खड्डा लहान असता तर कॉम्पोझिट भरून भागलं असतं. ते पातळ थरांत भरून निळ्या दिव्याखाली कडक करतात, पण कडक होताना ते किंचित आकसतं. माझा तर अख्खा कोपराच गेला होता. झिर्कोनियाची पूर्ण कॅप भक्कम, पण तिच्यासाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो. तिसरा मार्ग ऑनलेचा. गेलेला भाग आणि कच्चे कोपरे तेवढेच झाकायचे. त्यासाठी लिथियम डायसिलिकेट नावाचं सिरॅमिक वापरतात. ताकदीत ते झिर्कोनियाच्या मागे, पण आम्लाने खरखरीत करून दाताला पक्कं चिकटवता येतं, त्यामुळे दात कमी तासावा लागतो. "झोपेत दात खाता का?" डॉक्टरांनी विचारलं. उत्तर बायकोने दिलं, "नाही, फक्त घोरतो."

पुढचा दीड तास मात्र मला मजा आली. छोट्या कॅमेऱ्याने दाढेचं स्कॅन झालं, पडद्यावर माझ्याच दाढेचं थ्री-डी मॉडेल फिरू लागलं आणि शेजारच्या मशीनने जांभळट ठोकळा कोरायला घेतला. तोंडात चिमटे नसते तर मी शंभर प्रश्न विचारले असते. खुर्चीशेजारीच सिरॅमिक कोरायची ही कल्पना १९८५ साली झुरिकमध्ये प्रत्यक्षात आली. दंतवैद्य व्हेर्नर म्योर्मान यांच्या जोडीला मार्को ब्रांदेस्तिनी नावाचा इंजिनिअर होता, हे वाचून कॉलर जरा ताठ झाली. कोरलेला तुकडा साडेआठशेच्या आसपास अंश सेल्सिअसच्या भट्टीत जातो आणि जांभळटपणा जाऊन दातासारखा दिसू लागतो. चिकटवताना दाढेभोवती रबराचा पडदा लावला, कारण तिथे थुंकीचा थेंबसुद्धा चालत नाही.

बिल झालं चौदा हजार. बाबा म्हणाले, "एवढ्यात घरातल्या सगळ्यांच्या दाढा काढून झाल्या असत्या."

आई काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना तिने विचारलं, "माझ्या वेळी नव्हतं का रे हे?"

होतं. तिची शेवटची काढलेली दाढ फक्त चार वर्षांपूर्वीची. मीच तिला ॲक्टिवावर बसवून घेऊन गेलो होतो आणि बाहेर बसून मेल बघत होतो. वाचेल का, हे मी विचारलंसुद्धा नाही. तिला म्हटलं, "होतं, आई. मी विचारलं नाही."

ती पुसलेलं पातेलं पुन्हा पुसत राहिली. मग म्हणाली, वरच्या डाव्या दाढेला गार पाणी लागतंय, दिवाळीपासून.

मंगळवारी साडेपाचची वेळ घेतलीय. "उगाच खर्च," असं तिचं तेव्हापासून चाललंय, पण मंगळवारची भजनाची वेळ तिने स्वतःच फोन करून बदलून घेतली.