मोत्याची फटफटीवरची वारी

आमच्या मोत्याला फटफटीचा भारी नाद. गेल्या गळिताच्या हंगामात त्याला टाकीवर बसवले, गळपट्टा हँडलला बांधला आणि कोडोलीहून वारणानगरमार्गे नदीपलीकडे बहिणीच्या गावी निघालो. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर उभारलेल्या साखर कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. घुंगरांचा आवाज ऐकताच मोत्याने उडी घेतली. गळपट्टा आवळला, जीभ बाहेर आली, पाय सायलेन्सरला भाजला. एका गाडीवानाने धावत येऊन उचलून धरले, म्हणूनच तो वाचला.

तेव्हापासून गळ्याला बांधणे सोडले. आता थोरला मुलगा मागे बसतो. दोघांच्या मध्ये मोत्या, छातीभोवतीचा रुंद पट्टा मुलाच्या हातात, आणि गाडी अगदी हळू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करते. म्हणून उन्हाआधीच निघतो आणि वारणेच्या पुलाशी थांबून त्याला पाणी पाजतो. अलीकडे आपले कोल्हापूर, पलीकडे सांगली जिल्हा. दोन्ही काठांना ऊस. मोत्या कान टवकारून बघत राहतो.

मंडळी, मुके जनावर आपल्या भरवशावर गाडीवर चढते. तो भरवसा आपण सांभाळायचा.