दुसरी शाळा लहान असू द्या

शाळा वाढली की विश्वस्तांच्या डोळ्यांसमोर आधी इमारत उभी राहते. पट फुगलेला असतो, वर्गात बाकं एकमेकांना चिकटलेली असतात, वसतिगृहात दोन खाटांमधून आडवं होऊन जावं लागतं. मग कुणीतरी तीन मजली इमारतीचं रंगीत चित्र काढून आणतं आणि मंडळी ते घेऊन माझ्याकडे येतात. शाळांच्या विस्ताराचं नियोजन हे माझं काम. चंद्रपूर-गडचिरोलीतली संस्था असेल तर मी चित्राची गुंडाळी सोडतसुद्धा नाही. आधी दाखल-खारीज रजिस्टर मागते. मुलाचं गाव कोणतं आणि नाव कमी झालं असेल तर कोणत्या महिन्यात, हे दोन रकाने वाचून झाले की निम्मं नियोजन हातात आलेलं असतं.

कारण इथली शाळा शहरातल्या शाळेसारखी आजूबाजूच्या वस्तीतून भरत नाही. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५ आहे. अख्ख्या भामरागड तालुक्यात सुमारे ३६ हजार लोक, पुण्यातल्या एखाद्या उपनगरातही याहून जास्त असतील. अशा ठिकाणी शाळेचा पट सहाशेवर गेला, तर ती सहाशे मुलं डझनावारी गावांतून आणि टोल्यांतून आलेली असतात. रजिस्टरमधली गावं नकाशावर टिपली की ठिपके शाळेभोवती गोळा होत नाहीत, नदी-नाल्यांच्या पलीकडे विखुरतात. आणि नावं कमी झालेली बहुतेक मुलं पहिली-दुसरीची निघतात. दिवाळीला घरी गेलेलं सहा वर्षांचं लेकरू परत आलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि त्यावरून बऱ्याच बैठकांत वादही झाले आहेत: जंगल-जिल्ह्यातल्या शाळेचा दुसरा परिसर पहिल्याची मोठी नक्कल असू नये. तो लहान असावा, लहान मुलांसाठी असावा आणि मुलं जिथून येतात तिथे असावा. मोठी मुलं जुन्या ठिकाणी राहू द्यावीत.

याचं आपल्याकडचं उदाहरण हेमलकशाचं आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, मग मूल तालुक्यात सोमनाथ आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी दवाखान्यात रमले. शाळा १९७६ साली सुरू झाली. सुरुवातीला मुलं मिळेनात, मिळाली तर टिकेनात. पुढे पट शेकड्यांत गेला आणि निवासी शाळेचं नाव महाराष्ट्रभर झालं. २००८ साली आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यावर देणग्यांचा ओघही वाढला असणार. अशा वेळी हेमलकशातच आणखी दोन इमारती बांधणं सर्वांत सोपं होतं. पण पुढच्या पिढीने २०१५ साली त्याच तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेच्या दिशेला, नेलगुंडा गावात साधना विद्यालय सुरू केलं. शाळेला नाव बाबांच्या पत्नी साधनाताईंचं. मला या घटनेतली दिशा महत्त्वाची वाटते. नावाजलेली शाळा वाढताना सहसा तालुक्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून नागपूरकडे सरकते. ही शाळा उलट, आणखी आत गेली.

आता जागेबद्दल, कारण इथली निम्मी स्वप्नं सातबाऱ्यावर अडतात.

“मॅडम, जागेची काळजी नाही, गावातल्या एकाने पाच एकर बक्षीस दिलीय,” असं विश्वस्त मोठ्या आनंदाने सांगतात. देणारा आदिवासी खातेदार असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ आडवी येतात. रीतसर मंजुरीशिवाय त्याची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने, बक्षिसाने किंवा भाडेपट्ट्याने जाऊ शकत नाही. तसा कायदा आहे ते बरंच आहे. तो नसता तर या जिल्ह्यांत आदिवासींकडे किती जमीन उरली असती याचा विचार करवत नाही. दुसरी जागा दाखवतात ती पडीक. सातबारा काढला की त्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं असतं. उभ्या जागेवर एक झुडूप नसतं, पोरं क्रिकेट खेळत असतात, पण पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही नोंद साधी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच आहेत असं स्पष्ट केलं. म्हणजे अशा जागेवर पायाचा खड्डा खणायच्या आधी केंद्राच्या वन कायद्याची परवानगी लागणार.

तिसरा मार्ग लोकांना अर्धवट माहीत असतो. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि त्या सोयींच्या यादीत पहिलंच नाव शाळेचं आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. हे वाचून संस्थाचालक खूश होतात. पण त्याच वाक्यात ‘शासनाने चालवलेल्या’ असे शब्द आहेत. जिल्हा परिषदेला किंवा आदिवासी विकास विभागाला हा रस्ता मोकळा आहे, खासगी संस्थेला नाही.

राहता राहते गावठाण. गावठाणात पाच एकर कधीच मिळत नाहीत. समाजमंदिरालगत, विहिरीच्या पलीकडे वीस-पंचवीस गुंठे मिळतात. चार वर्ग, एक स्वयंपाकघर आणि एक अंगण यांना तेवढं पुरतं. तीन मजल्यांचा हट्ट सोडला की जागेचा प्रश्नही निम्मा होतो, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी मान हलवून म्हणतं, “पण मग दिसणार काय?”

ग्रामसभेला मात्र वेळ द्यावा लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात, आणि एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या सभेत जातो. प्रत्येक गाव मेंढा नसतं. पण पेसा क्षेत्रातल्या गावात अध्यक्षांची गाडी येऊन तासाभरात ठराव घेऊन जात असेल, तर तो ठराव पहिल्याच पावसात वाहून जातो. वेळापत्रकात ग्रामसभेसाठी मी एक अख्खा हंगाम ठेवते.

हंगामाचा विषय निघालाच आहे तर बांधकामाचंही सांगते. गवंडी बाहेरून आणता येतो; हाताखालची माणसं गावातलीच असतात आणि त्यांचं वर्ष ठरलेलं असतं. धानाची कापणी-मळणी डिसेंबरपर्यंत चालते. मार्च उजाडला की मोहफुलं वेचायला पहाटेपासून घरं रिकामी. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्याचे पैसे रोख आणि बरे, तेव्हा तुमच्या कॉलमचं सेंट्रिंग बांधायला कुणी येणार नाही, आणि का यावं? जूनच्या मध्यात पाऊस सुरू होतो. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की तालुक्याचं गावच जगापासून तुटतं, मग आतल्या रपट्यांची काय कथा. सिमेंट, सळई, मुलांचा चार महिन्यांचा तांदूळ-डाळ हे सगळं त्याआधी आत पोचलेलं हवं, आणि पावसात पडून राहिलेल्या सिमेंटचे दगड होतात. म्हणजे कामाचे महिने उरले तीन, फार तर साडेतीन. तेवढ्यात दोन-तीन खोल्या नीट उभ्या राहतात. तीन मजली इमारत तीन वर्षं अर्धवट राहते आणि तिच्या उघड्या सळयांखाली मुलं खेळतात. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढीच आपल्याला सवलत.

इमारतीबद्दल फार लिहीत नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या स्लॅबखाली वर्ग भरवणं ही शिक्षा आहे. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेला व्हरांडा आणि जमेल तिथे कवेलू. औष्णिक वीज केंद्रामुळे फ्लाय-अ‍ॅशच्या विटा चंद्रपूरकडे सहज मिळतात. सागवान मात्र परवडत नाही. अयोध्येच्या मंदिरासाठी इथलं सागवान २०२३मध्ये बल्लारपूरहून वाजतगाजत गेलं, आणि त्याच जंगलातल्या शाळेला पत्र्याचं दार लागतं. असो. बोअरचं पाणी आधी तपासून घ्यावं, कारण चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड आहे. आणि ही तपासणी एप्रिलमध्ये करावी, पाणी सर्वांत खोल गेलेलं असताना. जिथे मुलं रात्री राहणार तिथे प्रत्येकाला खाट हवी. साप चावण्याची भीती इथे पुस्तकी नाही. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंखे समितीला २०१६ साली अहवाल द्यावा लागला, ही गोष्ट वसतिगृहाचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असायला हवी.

लहानांना गावाजवळ ठेवा असं मी म्हणते त्यामागेही हेच आहे. सहा वर्षांच्या मुलाला वसतिगृहाची गरज नसते, ती गरज आपल्या अंतरांनी तयार केलेली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत सांगितली आहे. पण किलोमीटर हे माप इथे नेहमी लागू पडत नाही. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाटेत वाघाचा वावर असेल, तर एक किलोमीटरही लहान मुलांनी एकट्याने चालायचा नसतो; भामरागडकडे मध्ये नाला असेल, तर पाचशे मीटरही जुलैत पार होत नाहीत. जागा निवडताना मी अंतर पावसाळ्यातलं मोजायला सांगते.

केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांचा आराखडा ४८० मुलांचा आहे, पण त्या सहावीपासून सुरू होतात. अकरा वर्षांचं मूल वसतिगृहात रुळतं. आपल्या आश्रमशाळा मात्र पहिलीपासून मुलं घेतात आणि मग दिवाळीनंतर रजिस्टरमध्ये लाल शाई वाढते.

आता सगळ्यात अवघड भाग: माणसं. नव्या परिसरासाठी नवे शिक्षक भरायचे, असं बहुतेक संस्थांनी गृहीत धरलेलं असतं. त्यातून नवी इमारत मिळते. शाळेची रीत मिळत नाही. जुन्या शाळेत मुलांना कसं उठवतात, रडणाऱ्याला कोण जवळ घेतं, आईबाप बाजाराच्या दिवशी आले तर त्यांना कुठे बसवतात, हे कुठल्याही नियमावलीत नसतं. विरजणासारखं ते जुन्यातूनच थोडं काढून न्यावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी नव्या जागी जुन्यातला सर्वांत चांगला प्राथमिक शिक्षक जायला हवा. सर्वांत नवा नको, आणि ज्याच्याशी मुख्याध्यापकांचं पटत नाही तो तर मुळीच नको. मी हे म्हटलं की खोलीत शांतता पसरते. देणगीदार शोधणं त्यापेक्षा सोपं असतं. त्या शिक्षकासोबत गावातली एक माडिया किंवा गोंडी बोलणारी मुलगी हवी, बारावी झालेली असली तरी चालेल, पगारी हवी. पहिल्या वर्षी मूल तिच्याशी बोलेल. शिक्षकाशी बोलायला त्याला वेळ लागेल.

वर्गही एकदम चार उघडायचे नाहीत. पहिल्या वर्षी बालवाडी आणि पहिली, मग दरवर्षी एक. गावाची शाळेशी ओळख त्याच गतीने होते आणि तीन महिन्यांच्या बांधकामाचं गणितही बसतं. कागदोपत्री हा ‘विस्तार’ नसतोच. दुसऱ्या ठिकाणची शाळा ही नवी शाळा धरली जाते. तिची मान्यता वेगळी, अकरा अंकी यू-डायस क्रमांक वेगळा. गडचिरोलीत असेल तर तो २७१२ने सुरू होतो, चंद्रपुरात २७१३ने. वैनगंगा ओलांडून पलीकडे जाणाऱ्या संस्थेला दोन जिल्ह्यांचे दोन शिक्षणाधिकारी सांभाळावे लागतात, आणि दोघांच्या टेबलावरची फाईल एकाच वेगाने सरकेल अशी आशा धरू नये.

माझ्या म्हणण्यावर खरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो मी झटकत नाही. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. चार वर्गांना दोन पुरत नाहीत, तिसरा संस्थेने पोसायचा. स्वयंपाकीण वेगळी, गॅस वेगळा, पंपाची दुरुस्ती वेगळी. शासनाचाही कल याच्या उलट आहे. २०२३मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे दाखले दिले होते. मुलं एकत्र आणा, बस लावा, चांगली प्रयोगशाळा द्या. सातवीच्या मुलासाठी हे मला पटतं. पहिलीच्या मुलासाठी नाही, कारण ती बस जुलैत रपट्याच्या अलीकडेच थांबते.

माझ्या हातातल्या सध्याच्या कामात विश्वस्तांनी बरंच ऐकलं आहे. वैनगंगेपलीकडच्या एका गावठाणात तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि शिक्षकांची दोन घरं एवढंच धरलंय. अडलंय ते पाचवीवर. कायदा पाचवीला प्राथमिकमध्ये धरतो, महाराष्ट्राची जुनी सवय चौथीला थांबते. मुख्याध्यापकांना पाचवी वसतिगृहात हवी, गणिताचा पाया तिथे पक्का होतो म्हणून. गावातल्या बायकांना ती गावात हवी, आणखी एक वर्ष पोर घरी जेवेल म्हणून. ठराव दोनदा पुढे गेला आहे. मी नकाशात पाचवीची खोली तुटक रेषेने दाखवली आहे. पाया मात्र याच हंगामात घालून घ्या म्हणून सांगितलंय. मिक्सर परत नाल्यापलीकडे नेण्याचं भाडं परवडणार नाही.