देव्हाऱ्याशेजारचा रिव्हेट

नाशिक

चि. सई,


परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "मामा, देव्हाऱ्याशेजारी तो खिळा कसला?" तेवढ्यात तुझी आई बोलायला लागली आणि उत्तर राहूनच गेलं.

तो खिळा नव्हे, रिव्हेट आहे. गेल्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या धावपट्टीवर तू मला नेलं होतंस, तिथला. घरी बांधलेली विमानं उडवत माणसं आली होती, गवतावर खुर्च्या टाकून गप्पा मारत होती. तू लाकूड-कापडाच्या पिटेनपोल विमानापाशी रमलीस. 1929 साली मोटारीच्या फोर्ड इंजिनावर उडालेलं ते डिझाइन. मी मात्र आरव्ही जातीच्या एका विमानाच्या पंखापाशी खिळलो.

ओझरच्या विमान कारखान्यात लागलो तेव्हा पहिली चार वर्षं मी डॉली धरली. उस्ताद बाहेरून रिव्हेट गन मारायचे आणि मी पंखाच्या पोटात हात घालून पोलादी ठोकळा दाबून धरायचो. आत दिसत काही नाही, सगळं हाताला कळावं लागतं. रिव्हेटची शेपटी चपटी होऊन व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच झाली पाहिजे. हात जरासा कलला की रिव्हेट वाकडा, मग तो ड्रिलने काढा आणि नवा मारा. मिग उडालं की लोक वर बघायचे. मला आठवायचे ते त्या अंधारातले रिव्हेट.

त्या आरव्हीचे मालक शेजारच्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "गन मी मारली, डॉली हिने धरली." गॅरेजमध्ये सात वर्षं! बाईंनी कोपरापर्यंत हात आत घालून दाखवला, मीही माझा दाखवला. भाषेची अडचण तिथेच संपली. निघताना त्यांनी शिल्लक राहिलेला हा रिव्हेट माझ्या तळहातावर ठेवला.

त्या विमानातली 'एक्स्पेरिमेंटल' ही पाटी वाचून तू दचकली होतीस. त्याचा अर्थ विमान कच्चं असा नाही. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं, तर तुमच्याकडचा कायदा त्याला या वर्गात उडू देतो. शिकण्याची हौस हे कारण सरकारला पुरतं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, पण नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. ही जिद्द आपल्या मातीतही आहे, वाट तेवढी अरुंद आहे.

त्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये शनिवारी कोणी ना कोणी काम करत असतं, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. एकदा जा. डॉली धरायला माणूस हवा असेल, तर हात पुढे कर.

तुझा,
मामा