रविवारचे पत्र

वडील निवृत्त झाल्यावर दर रविवारी इंदूरहून मला पत्र लिहीत. आधी थंडीची खबर, मग कुणाचे लग्न ठरले, कुणाचे गुडघे दुखतात, आणि शेवटी क्रिकेट. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, हे तर ठरलेलेच! १९९९ साली चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम सामना हरला, तेव्हा पत्र दोनच ओळींचे होते. २०२२ मध्ये त्याच बेंगळुरूच्या मैदानावर, पंडितच प्रशिक्षक असताना, आपण मुंबईला हरवले. ते पाहायला वडील नव्हते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिहिण्यापुरते मराठी टिकले ते या पत्रांना उत्तरे देता देता. विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांना आठवड्याला चार ओळी मराठीत लिहा. विषय सापडला नाही, तर थंडी आहेच.