त्र्यंबक रस्त्यावर नवी गाडी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता जेमतेम २८-३० किलोमीटरचा आहे, पण तेवढ्यात तो तीन वेळा स्वभाव बदलतो. सातपूरपर्यंत शहरच असते. सिग्नल, कंपन्यांच्या बसगाड्या आणि शिफ्ट सुटली की स्कूटरवाल्यांची झुंबड. पपया नर्सरीचा चौक ओलांडला की रस्ता जरा मोकळा होतो, बेळगाव ढगा आणि महिरावणी मागे पडतात. पुढे डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उभा राहतो आणि हवेत गारवा येतो. नवी मोटारसायकल समजून घ्यायची तर नाशिककराला याहून सोयीचा रस्ता नाही. गेल्या सहा आठवड्यांत मी तो अकरा वेळा केला.

गाडी आहे बजाजची पल्सर आरएस २००. सातपूरच्या एका कारखान्यात मी मशीनवर काम करतो, त्यामुळे यंत्राची आवड पोटापाण्यातूनच आलेली. ही गाडी २०१५ साली पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हापासून मनात होती. मनात होती म्हणजे घेता येत होती असे नाही. हप्त्यावर घेतली असती तर केव्हाच दारात आली असती, पण व्याजाचा व्यवहार घरात आणायचा नाही हे अब्बांच्या काळापासून ठरलेले. मग भिशी लावली, तीन दिवाळ्यांचे बोनस बाजूला ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि हिशेब जुळला. नोंदणी, विमा सगळे धरून रक्कम दोन लाखांच्या थोडी वरच गेली. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, हे बजेट आखताना अनेकजण धरत नाहीत. तुम्ही घेणार असाल तर धरा.

अम्मीने गाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "यावर मी बसायचं कुठं?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे पूर्वी मोटारसायकल म्हणजे साऱ्या कुटुंबाचे वाहन. पुढे टाकीवर मूल, मागे बायको, हँडलला पिशवी. २००१ साली पल्सर आली, २००३ साली करिझ्मा, २००८ साली यामाहाची आर१५, आणि मध्यमवर्गातल्या पोरांना शर्यतीच्या धाटणीची गाडी परवडण्याच्या टप्प्यात आली. या धाटणीत हँडल खाली असते, पाय मागे जातात, चालवणारा पुढे झुकतो आणि मागची सीट उंच व अरुंद असते. पुढे झुकल्याने वारा कमी अडतो आणि पुढच्या चाकावर वजन येते, म्हणून वळणावर गाडी घट्ट वाटते. पण त्याची किंमत मनगटे देतात. सकाळी साडेआठला आयटीआय सिग्नलपासून सातपूरपर्यंत सरकत जाताना पहिल्या आठवड्यात माझे तळहात मुंग्या आल्यासारखे झाले. हा त्या एका गाडीचा दोष नव्हे, त्या बैठकीचा गुण आहे. पोट आणि मांड्यांनी अंग सावरायचे, हँडलवर भार टाकायचा नाही, हे अंगवळणी पडल्यावर त्रास निम्मा झाला. तरी ज्याचा रोजचा प्रवास निव्वळ गर्दीतला आहे, त्याला मी ही गाडी घे म्हणणार नाही.

इंजिन १९९.५ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, ताकद साडेचोवीस पीएस. आकडे कागदावर ठीक, पण ताकद कुठे मिळते ते महत्त्वाचे. खालच्या फेऱ्यांत ती शहाण्या मुलासारखी चालते, खरा जोर वर जाऊन येतो. नव्या इंजिनाला मात्र तिथे नेऊ नये. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो. नव्या मशीनवर आम्हीही पहिल्या दिवशी पूर्ण भार टाकत नाही. म्हणून पहिले हजार किलोमीटर वेग कमीजास्त करत, थ्रॉटल पूर्ण न पिळता चालवली. पहिली सर्व्हिस झाली, तेल बदलले आणि गिअर लोण्यासारखे पडू लागले. मायलेज मला लिटरला ३५ च्या आसपास मिळते. टाकी १३ लिटरची, म्हणजे त्र्यंबकच्या सात फेऱ्या आरामात.

हळू चालवण्याचा एक फायदा झाला. इतकी वर्षे ज्या पाटीवरून सरळ पुढे जायचो तिथे थांबलो. अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली, आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय. प्राचीन नाण्यांपासून सुलतान आणि मुघलांच्या रुपयांपर्यंतचा इतिहास इथे उलगडतो. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. पुढे मराठ्यांच्या अमलातही इथल्या टांकसाळीच्या नाण्यांवर तेच नाव राहिले, आणि मजकूर फारसीत. राज्य बदलले तरी बाजारात ज्या नाण्याची पत होती तेच चालत राहिले. मुलांना घेऊन जरूर जा, पण कारने किंवा बसने.

पत्नीला त्र्यंबकला मी एकदाच मागे बसवून नेले. जाताना ती तीनदा "थांबा जरा" म्हणाली. मागे धरायला नीट काही नाही, ब्रेक लावला की मागचा माणूस पुढच्यावर सरकतो. त्र्यंबकमध्ये कुशावर्ताच्या बाजूच्या गल्ल्यांतून पायी फिरलो, चहा घेतला, ब्रह्मगिरीकडे पाहत बसलो. जिथून निघून गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते तो हा डोंगर. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले काळ्या दगडाचे मंदिर आणि भोवतीचे जुने वाडे या गावाला एक भारदस्तपणा देतात. यात्रेकरू देशभरातले. गाडी लावायला जागा शोधताना एका दुकानदाराने आपल्या ओट्यासमोर लावू दिली आणि परतताना "किती देते?" हा मराठी माणसाचा राष्ट्रीय प्रश्नही विचारला. परतीच्या वाटेवर पत्नीने निकाल दिला : गाडी छान आहे, यापुढे तुम्ही एकटे जात जा. घरची जुनी स्कूटर विकायचा बेत त्याच संध्याकाळी रद्द झाला.

त्र्यंबकहून घोटीकडे वळणारा पहिनेचा रस्ता मात्र या गाडीसाठीच आखल्यासारखा आहे. भातखाचरे, डोंगराच्या कडा, एकामागून एक वळणे. दुसऱ्या महिन्यात तिथे पहिल्यांदा जरा मोकळी सोडली. वळणात गाडी ओळीवरून हलत नाही. एका वळणापलीकडे रस्त्यात म्हैस उभी होती आणि डांबरावर बारीक खडी. दोन्ही ब्रेक दाबले, लिव्हरमध्ये एबीएसची थरथर जाणवली, गाडी सरळ थांबली. चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेक क्षणात धरायचा-सोडायचा, हे काम ती यंत्रणा करते. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची आहे. म्हशीने मान वळवूनही पाहिले नाही.

याच रस्त्यावर पावसाळ्यात धबधबे पाहायला पोरांचे थवे येतात, एका गाडीवर तिघे, हेल्मेट आरशाला अडकवलेले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार ५० हजारांवर होते. या आकड्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरे नसतील असे समजू नका. गाडीच्या पैशातूनच चांगले हेल्मेट आणि हातमोजे घ्या, ते नंतरवर ढकलले की राहते.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. गाडी आल्यापासून त्याचे मामूवरचे प्रेम वाढले आहे. दर जुम्याला नमाजनंतर हळूच विचारतो, "मामू, एक राऊंड?" त्याच्या अम्मीला, म्हणजे माझ्या बहिणीला वाटते, गल्लीतल्या गल्लीत द्यायला काय हरकत आहे. मी तिला कायदा समजावला. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. बहीण दोन दिवस रुसली. भाच्याला मी दुसरे काम दिले आहे. दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तेल लावायचे, टायरची हवा तपासायची. तो ते इतके मन लावून करतो की चेन माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखते.

येत्या ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे, पहिले मोठे स्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्या तयारीसाठी त्र्यंबक रस्त्याच्या रुंदीकरणाची कामे निघाली आहेत, म्हणून सध्या माती आणि डंपर जपूनच ओलांडावे लागतात, विशेषतः अंधार पडल्यावर. निघायचेच असेल तर फजर झाल्यावर निघा. सातला अंजनेरीपाशी पोहोचाल, तेव्हा डोंगर अजून धुक्यात असतो आणि टपरीवाला स्टोव्ह पेटवत असतो.