दोन गंधार

वसईच्या हवेत बासच्या तारा लवकर काळवंडतात. भुईगावचा समुद्र जवळ, चार महिन्यांचा पाऊस, शिवाय वाडीतल्या घराला केळीच्या बागेची कायमची ओल. त्यामुळे पहाटे गिटार हातात घेतली की आधी फडकं, मग तारा लावणं, मग अर्पेजिओ. बोटं मोकळी व्हावीत म्हणून हे करायचं, असं शिकवणारे सांगतात. मला मात्र तेच खरं वादन वाटू लागलं आहे. रविवारच्या मिस्सेला क्वायरच्या मागे उभा राहून जे वाजवतो ते गाण्याच्या सोयीचं असतं. पहाटेचं तेवढं माझं.

अर्पेजिओ म्हणजे कॉर्डमधले सूर एकदम न छेडता एकामागून एक घेणं. साध्या गिटारवाल्याची ती हौस, बासवाल्याची गरज. खर्जात सा आणि ग एकत्र वाजवले तर नुसती गढूळ गुरगुर ऐकू येते. इतक्या खालचे दोन जवळचे सूर कानाला वेगळे काढता येत नाहीत. म्हणून आम्ही कॉर्ड सुटी करून, सावकाश मांडतो.

ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मधलं बोट, हा सा. पुढच्या डी तारेवर एक पडदा मागे तर्जनी, हा ग. त्याच तारेच्या पाचव्या पडद्यावर करंगळी, हा प. आणि जी तारेवर त्याच पडद्याला पुन्हा करंगळी, वरचा सा. खरी कसोटी या शेवटच्या जागी. करंगळी उचलायची नाही, आडवी लोळवायची. आणि ती बेटी ऐनवेळी ताठ होते. तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असल्याने हीच आकृती मानेवर कुठेही सरकवता येते. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालतात. मेट्रोनोम साठावर.

हे झालं की मी डावा हात जवळजवळ काढूनच घेतो. सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 कंपनं होतात. तीच तार बाराव्या पडद्यावर न दाबता नुसती स्पर्शली, तर सप्तक वरचा सा वाजतो. सातव्यावर प. पाचव्यावर आणखी वरचा सा. चौथ्याच्या जरासं अलीकडे ग, आणि तिसऱ्याच्या किंचित पुढे पुन्हा प. म्हणजे जो अर्पेजिओ बोटं मोडून शिकलो, तो एका मोकळ्या तारेत आधीच वस्तीला होता! तानपुऱ्याजवळ बसणाऱ्यांना हे नवं नाही. कुणी न छेडताही खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या गंधाराला ते स्वयंभू गंधार म्हणतात. तानपुरे घडवणाऱ्या मिरजेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात, तो ऐकू आल्याशिवाय तानपुरा लागला असं कोण म्हणेल?

पण पडद्यावरचा गंधार तो नव्हे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून पडदे ठोकलेले असतात, त्यामुळे पडद्याचा ग स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा बोलतो. ही लबाडी सगळ्या पियानो-गिटारांनी पचवली आहे, आणि तिच्यावाचून कोणत्याही पट्टीत जाता आलं नसतं हेही खरं. तरी पहाटेच्या शांततेत ती कानाला बोचते.

मग मायनर. सा ला तर्जनी, त्याच तारेवर तीन पडदे पुढे करंगळीने कोमल ग. हा गंधार मी तारेत शोधला, तर सहज हाती लागेना. तो मिळतो घंटेत. युरोपीय घडणीच्या चर्चच्या घंटेवर ठोका पडला की मुख्य सुराच्या वर साधारण कोमल गंधार घुमतो. घंटेच्या आकारामुळेच तो येतो. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. वसईने घाटावर केळी आणि पानं पाठवली असतील, पण माझ्या हिशेबी सगळ्यात लांब टिकलेला माल हा कोमल गंधार.

नाताळ जवळ आला की क्वायरमधली पोरं एकदम स्लॅप वाजवायला धावतात. अंगठ्याचा फटका दिसायला झोकदार असतो, कबूल. त्यांना एवढंच सांगणं आहे : ई तारेला चौथ्या पडद्याच्या अलीकडे स्पर्शून तो ग काढा, आणि लगेच जी तारेच्या तेराव्या पडद्यावर तोच सूर दाबून वाजवा. दोन्ही एकत्र घुमले की दोन सेकंदांत तीनेक लाटा येतात. त्या लाटा मोजता येईपर्यंत मेट्रोनोम साठाच्या वर नेऊ नका.