असे समजते!

व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. वाक्य कानावर पडले की त्याचा कर्ता सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. आमच्या घरी या खोडीचा पुष्कळ उपद्रव होतो. "दूध उतू गेलं," असे सौभाग्यवती म्हणाली की, "आपण होऊन गेले, की कोणी जाऊ दिले?" असे मी विचारून बसतो, आणि मग त्या दिवशीचा चहा मला स्वतःच करून घ्यावा लागतो.

वर्तमानपत्र वाचताना तर ही खोड फारच छळते. 'असे समजते', 'असे सांगण्यात येते', 'संशय व्यक्त होत आहे' या क्रियापदांवर माझी नजर अडखळते. समजते, पण कोणाला? सांगण्यात येते, पण कोणाकडून? आता कर्ता नाही म्हणून वाक्य खोटेच असते असे मुळीच नाही. लातूरला आगगाडीने पाणी येणार, असे २०१६ च्या उन्हाळ्यात प्रथम 'समजले', तेव्हा आम्ही लातूरकर हसलो होतो. पण मिरजेहून पाण्याच्या वाघिणी खरोखरच आल्या. निनावी वाक्य खरे ठरू शकते. मात्र ते खरे ठरेपर्यंत त्याचे ओझे कोणाच्या तरी डोक्यावर असते, आणि ते कोणाच्या, एवढे पाहावे इतकेच माझे म्हणणे.

माझे मूळ घर लातूरचे आणि नोकरी नांदेडची. त्यामुळे अहमदपूर, लोहा करीत जाणाऱ्या एस.टी.त माझे पुष्कळ आयुष्य गेले. एस.टी.तल्या राजकीय चर्चेइतकी ठाम चर्चा कोठे होत नसेल. दोन-तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गृहस्थांनी मला बातमी दाखवून म्हटले, "सर, हे सगळं आय.एस.आय.चं काम हाय बघा."

"कशावरून?"

"आता हे बी सांगायला पायजे का?" ते म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुढचा प्रश्न लोह्यापर्यंत राखून ठेवला.

बातमी आमच्या नांदेडचीच होती. एप्रिल २०२२ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाचा त्याच्या घरासमोर गोळ्या घालून खून झाला. तपास यंत्रणांनी त्यामागे हरविंदरसिंग ऊर्फ रिंदा याचे नाव घेतले. हा मूळ पंजाबातला, पुढे नांदेडात राहिलेला, आणि आता पाकिस्तानात आय.एस.आय.च्या आश्रयाला असलेला, असे आपल्या यंत्रणांचे म्हणणे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो लाहोरात मेल्याची बातमी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्याला दहशतवादी म्हणून जाहीर केले, म्हणजे सरकारच्या लेखी तो जिवंत होता. माणूस मेला की जिवंत आहे, एवढी साधी गोष्टही जेथे ठरत नाही, तेथे त्याला पगार कोण देतो हे आमच्या एस.टी.तल्या मंडळींना मात्र तिकिटाच्या दराइतके पक्के ठाऊक होते.

सरहद्दीपलीकडेही अशीच एखादी मोटार असेल, आणि तिच्यात हेच वाक्य नाव बदलून बोलले जात असेल. बलुचिस्तानात स्फोट झाला की तेथे 'रॉ'चे नाव निघते. नोव्हेंबर २०२० मध्ये पाकिस्तानने भारतावर दहशतवादाचे आरोप करणारी एक जाडजूड फाईलच जगापुढे मांडली. भारताने ती बनावट म्हणून झिडकारली. आय.एस.आय.चा जन्म १९४८ चा, रॉचा १९६८ चा. गुप्त राहणे हाच दोघींचा धर्म. त्यांतली कोणी चव्हाट्यावर येऊन 'होय, आम्हीच ते केले' म्हणेल ही आशा व्यर्थ; आणि 'आम्ही नाही केले' या शब्दालाही त्यामुळेच किंमत उरत नाही.

मराठवाड्याला हे कोडे नवे नाही. आमचे आजोबा १९४८ च्या लातूरच्या गोष्टी सांगत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या माणसांच्या जाचाने गावेच्या गावे रानोमाळ झाली होती. त्या दिवसांत, रात्री कराचीहून विमाने येतात आणि बीदरकडे बंदुका उतरवून जातात, अशी बोलवा होती. आजोबांनी विमान पाहिले नव्हते. त्यांनाही ते 'समजले' होते.

पण ही बोलवा खरी निघाली. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे आणीत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर याच गृहस्थाने ब्रिटिश हेरखात्यासाठी जर्मनीची चोरून छायाचित्रे घेतली होती. पुढे विलायतेत त्याला या शस्त्रवाहतुकीबद्दल दंड झाला, तो अवघा दोनशे पौंड. गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. हैदराबाद शरण आले त्याच सुमारास, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाच्या खात्यातले दहा लाख पौंडांहून थोडे अधिक धन पाकिस्तानच्या लंडनमधील हायकमिशनरांच्या नावे गेले. ते कोणाचे, हा वाद एकाहत्तर वर्षे चालला, आणि व्याज धरून रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली. त्या खटल्यात पाकिस्तानच्या वकिलांनी मांडलेला एक मुद्दा असा, की हे पैसे हैदराबादला शस्त्रे मिळवून दिली त्यापोटी होते! २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला, आणि पैसे निजामाच्या वारसांचे व भारताचे ठरवले. आजोबांच्या लातुरातली कुजबूज ज्यांच्याविरुद्ध होती, त्यांच्याच वकिलांच्या तोंडून ती भर न्यायालयात बोलली गेली. ऐकायला आजोबा मात्र राहिले नव्हते.

एवढेच सांगून थांबलो, तर 'पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे म्हणून आपण फराळाला लागू. पण १९४८ च्या हिशेबाचे आणखी एक पान आहे. पोलिस कारवाईनंतर भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती मराठवाड्यात आणि आसपास पाठवली. तिचा अहवाल कित्येक वर्षे बंद होता. तो २०१३ मध्ये वाचायला खुला झाला. कारवाईच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्या माणसांचा समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे, आणि त्यांतले बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. बंदुका आणवल्या त्या लोकांनी. रझवी तुरुंग भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात गेला. कॉटनने दोनशे पौंड भरले. बाकीची किंमत विणकराने, शिवणाऱ्याने, टांगेवाल्याने दिली. बोलवा खरी होती, आणि तरीही तिची शिक्षा ज्यांना झाली त्यांतल्या बहुतेकांनी कराचीचे विमान माझ्या आजोबांइतकेच पाहिले होते.

म्हणून मला वाटते, असले आरोप खरे की खोटे एवढेच विचारून भागत नाही. कोणी म्हटले, कोठे म्हटले, त्याला उलट प्रश्न कोणी विचारू शकले का, आणि शेवटी नेमके काय ठरले, हेही विचारावे लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईची गोष्ट घ्या. १६६ माणसे गेली. कसाब आमचा नव्हेच, असा सूर सीमेपलीकडे आधी होता; जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानने मान्य केले, आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही. पुढे डेव्हिड हेडलीने शिकागोच्या न्यायालयात आणि २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून मुंबईच्या न्यायालयात, आपण आय.एस.आय.च्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून वागलो, असे शपथेवर सांगितले, आणि वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली. आय.एस.आय.चा हात पाकिस्तान आजही नाकारतो. पण येथे वाक्याला कर्ता आहे, शपथ आहे, तारीख आहे. हे वाक्य बसमधल्या वाक्याहून वेगळे आहे, आणि दोन्ही वाक्ये आपण एकाच सुरात उच्चारू लागलो तर नुकसान खऱ्या वाक्याचेच होते.

याच्या उलट टोकाला कुलभूषण जाधव. हे आपले मराठी गृहस्थ. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने जाहीर केले, की रॉचा हेर बलुचिस्तानात पकडला. त्याच्याजवळ हुसेन मुबारक पटेल या नावाचा पासपोर्ट सापडला. भारताचे म्हणणे असे, की हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी. इराणात व्यापार करीत होते, तेथून त्यांना पळवून नेले. पाकिस्तानने त्यांच्या कबुलीची चित्रफीत दाखवली. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने बंद दाराआड त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेतले, हे आपल्याकडे घरोघर सांगितले गेले. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला, आणि आपण पेढे वाटले.

पण निकालाने ठरवले काय? जाधवांना भारतीय वकिलातीच्या माणसांना भेटू दिले नाही, हा व्हिएन्ना कराराचा भंग झाला. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, आणि तोवर फाशी थांबवा. शिक्षा रद्द करून जाधवांना सोडा, ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. ते हेर आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. सीमेच्या दोन्ही बाजूंना मात्र त्या रात्री आपापल्या मनासारखे उत्तर 'समजले'.

या प्रकरणातली एक गोष्ट मराठीचा मास्तर म्हणून मला विसरता येत नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधवांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या. मधे काच होती. भेटीपूर्वी त्यांची मंगळसूत्रे, बांगड्या उतरवल्या. आणि आई मराठीत बोलू लागली की तिला अडवण्यात आले, असे आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितले. आई मराठीत काय बोलणार होती? 'जेवतोस ना वेळेवर?' याहून वेगळे काही असेल असे मला वाटत नाही. पण ऐकणाऱ्याला न कळणारी भाषा म्हणजे सांकेतिक भाषा, एवढा संशय एकदा बळावला की आईची विचारपूससुद्धा गुन्ह्यात जमा होते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या नांदेडच्या गल्लीतल्या खाला आठवल्या. सारी गल्ली त्यांना खालाच म्हणते. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन पन्नास-बावन्न साली कराचीला गेली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांचे असेच आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा खाला मला पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहून मागत. "सर, हर्फ मोठे काढा, नायतर वापस येतंय," म्हणत. पत्रात काय, तर गुडघे, नातवंडे, आणि यंदा आंब्याचे लोणचे बुरसले. २००८ च्या डिसेंबरपासून त्यांनी पत्ता लिहून घेणे बंद केले. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, "नको सर. तुमचं अक्षर हाय त्याच्यावर. उद्या तुम्हाला कोनी इचारलं तर?"

माझी काळजी त्या वाहत होत्या! त्यांना कोणी पोलिसाने हटकले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. फक्त नळावरचे बोलणे त्या आल्या की थांबू लागले होते. बहीण पुढे २०१४ साली वारली, ते त्यांना तिसऱ्या घराकडून कळले. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारताने पाकिस्तानातून येणारी टपाल बंद केली, तेव्हा मी खालांना ते सांगितले. त्या म्हणाल्या, "आमची तर कवाच बंद हाय."

दिवाळीच्या फराळाला आता घरोघर मंडळी जमतील, आणि चकलीबरोबर शेजारी देशाचा विषयही निघेल. देशावर घाला घालणाऱ्याला शासन व्हावे, यात आपल्यात दुमत नाही. ते व्हावे म्हणून तर पुरावा पुराव्याच्या जागी हवा. तेव्हा कोणी छातीवर हात मारून काही सांगू लागले, तर एकदा हळूच विचारावे, "हे कोण म्हणाले हो?" वर्तमानपत्र म्हणाले, पोलिस म्हणाले, सरकार म्हणाले, की न्यायालय म्हणाले? या प्रश्नाने आय.एस.आय.चे काही बिघडणार नाही, आणि रॉचेही नाही. पण पाहुण्यांच्या ताटल्या उचलायला आलेली पोरे ते ऐकत असतात. आणि उद्या नळावर कोणापाशी बोलणे थांबवायचे, हे ती तेथेच शिकत असतात.